उणा मणी

१

लोणावळ्यात, रेल्वेच्या रुळांच्या खालच्या अंगाला, श्रीपतीचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत रामाचा मुकुट आणि रावणाचा मुकुट एकाच खुंटीला गुण्यागोविंदानं लटकत. शेजारी राण्यांचे हार, नर्तकींचे कंबरपट्टे, कुणा सरदाराचा शिरपेच. सगळं सिनेमासाठी केलेलं, म्हणजे सगळं खोटं. पितळेचा पत्रा, काचेचे खडे, खड्यांमागं बेगड आणि वरून सोन्याचा मुलामा. पण पडद्यावर ते झळकलं की थेटरातल्या बायकांचे हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी जात. ते पाहण्यासाठी श्रीपती तिकीट काढायचा आणि पडद्याकडं पाठ करून बसायचा.

त्याचा दिवस ठरलेला असे. सकाळी धुकं विरायच्या आत शेगडी पेटवायची, लाख तापत ठेवायची, गोणपाटावर बसायचं. मग त्याची बायको चिमाबाई गुळाचा चहा आणून ठेवी आणि विचारी, "अवं, आज कुन्या राजाला गादीवर बसवताय?"

"आज राजा न्हाई. आज राक्षस हाय."

"मग त्याला जरा मोठा मुकुट करा. बिचाऱ्याला शेवटी मरायचंच असतंय."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी श्रीपतीनं मोठ्या हौसेनं पितळेचा एक खुळखुळा केला होता. तो मुकुटांच्या खुंटीलाच टांगलेला असे. कुठल्याकुठल्या सिनेमांत तो राजपुत्रांच्या हातात वाजून आला होता. घरात कधी वाजला नाही. दोघं त्याच्यावर बोलत नसत. चिमाबाई दिवाळीला तो चिंचेनं घासून पुन्हा जागेवर लावी, एवढंच.

श्रीपतीनं हे काम मुंबईला परळच्या एका कारखान्यात रखमाजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडं शिकून घेतलं होतं. रखमाजीचा एकच कडक नियम होता. मुकुट कसाही करा, हार कसाही करा. पण सिनेमासाठी मंगळसूत्र केलं, तर वाटीच्या डाव्या अंगाचा पहिला मणी घालायचा नाही.

"पुरं झालं की ते कुणाचं तरी होतं," रखमाजी सांगे. "एक मणी उणा ठेवायचा. मग ते कुणाचंच न्हाई."

"कुणाचं म्हंजी? कुणाचं हुईल?"

रखमाजी हातातला खडा खाली ठेवी. "तुला काम शिकायचंय का वाद घालायचाय?"

श्रीपतीनं वाद घातला नाही. आजवर अकरा सिनेमांसाठी अकरा मंगळसूत्रं केली. प्रत्येकाचा राखलेला मणी तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत टाकला. डबी हलवली की अकरा मणी वाजत.

२

चौसष्ट सालच्या मार्गशीर्षात तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्यावर सिनेमाची कंपनी येऊन उतरली. गावात नुसती धमाल. चिक्कीवाले दुकान सोडून शूटिंग बघायला जाऊ लागले. आणि एक दिवस जीपगाडी थेट श्रीपतीच्या दारात! दिग्दर्शक साहेब स्वतः खाली उतरले. बरोबर कपडेपट सांभाळणारा हौशीराम. हा मोठा बोलका गडी, मुंबईत मुरलेला.

"भाऊ, एका बाईच्या संसाराची गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "लग्नापासून वीस वर्षं. शेवटी नवरा जातो आणि तिचं मंगळसूत्र तोडतात. अख्खा सिनेमा त्या एका दागिन्यावर आहे."

श्रीपतीनं दोनतीन नमुने काढले. साहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते चहा घेऊन आलेल्या चिमाबाईच्या गळ्याकडं बघत होते. काळ्या दोऱ्यात ओवलेले बारीक मणी, मधे दोन छोट्या वाट्या. बावीस वर्षांच्या वापरानं वाट्यांच्या कडा मऊ झालेल्या.

"हे! अगदी हेच. मण्याला मणी. फक्त नवीन दिसलं पाहिजे. आणि भाऊ, पडद्यावर तुमचं नाव येईल. दागिने, श्रीपती. स्वतंत्र पाटी."

श्रीपतीच्या कानशिलांत रक्त धडधडलं. बारा वर्षं तो खोकी भरून दागिने गाडीनं मुंबईला पाठवत होता. त्याचं नाव आजवर त्या खोक्यांवरच काय ते आलं होतं.

दोन दिवस त्यानं चिमाबाईला दारातल्या उजेडात समोर बसवून काम केलं.

"चिमे, हलू नको."

"अवं, भाकरी करपंल."

"करपू दे. तुझ्या गळ्याचा सिनेमा होतोय."

"गळाच घ्या मग. डोसकं चुलीपाशी जाऊ द्या."

तिच्या गळ्यातलं तिनं कधीच काढलं नव्हतं आणि तेव्हाही काढलं नाही. तो तसेच मणी मोजत होता. या अंगाला एकशे दहा, त्या अंगाला एकशे दहा. तसेच्या तसे त्यानं ओवले. शेवटी छातीवर कसं पडतं ते बघायला नवं मंगळसूत्र क्षणभर तिच्याच गळ्यात घातलं. दोन्ही शेजारी शेजारी. श्रीपतीनं मान तिरकी करून पाहिलं आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली. जुन्यानव्याची चमक सोडली तर दोन्हीत कणाचा फरक नव्हता.

हौशीराम मंगळसूत्र घेऊन गेला. जीप वळली. श्रीपतीनं सवयीनं तपकिरीची डबी उघडली आणि हात तसाच राहिला. डबीत टाकायला मणी नव्हता. हुबेहूब करायच्या नादात त्यानं एकशे दहाच्या एकशे दहा ओवले होते.

"जाऊ दे," तो स्वतःशी म्हणाला. "म्हाताऱ्याच्या गोष्टी." आणि पडद्यावर आपलं नाव किती मोठं येईल याचा विचार करत बसला.

३

तिसऱ्या दिवशी हौशीराम मंगळसूत्र घेऊन आला. घाबराघुबरा झालेला.

"भाऊ, मुलामा कसला दिला होता? बघा हे काय झालंय."

श्रीपतीनं ते हातात घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. काय काम होतं! दोरा तेलानं आणि घामानं माखून मऊ झाला होता. वाट्यांच्या सांध्यात हळद बसली होती, ती पण थरावर थर. डाव्या अंगाचे मणी उजव्यापेक्षा जास्त झिजले होते, म्हणजे बाई डाव्या कुशीवर झोपणारी. असं जुनं करायला त्याला स्वतःला महिना लागला असता.

"कुणी केलं रं हे? हात धरून शाबासकी दिली पायजे त्याला."

"कुणी काय करणार? परवा दोन शॉट झाले, काल एक. रात्री पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. बाई परवा नवी नवरी होती, आज गळ्यात हे! साहेब मला खातील."

श्रीपती हसला. कंपनीत कुणीतरी गुपचूप करामत केली असणार, रंगभूषावाल्यांना नसते उद्योग फार. त्यानं वाट्या रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या, दोऱ्याला मेण लावलं आणि परत दिलं. जाताना हौशीराम म्हणाला, "धुतलंत तरी जुनंच दिसतंय हो."

दुपारी जेवायला बसताना श्रीपतीचं लक्ष चिमाबाईच्या गळ्याकडं गेलं. तिच्या वाट्या झगझगत होत्या.

"घासल्यास व्हय?"

"काय?"

"वाट्या."

"न्हाई बा," ती म्हणाली. मग तिनं भाकरी वाढली आणि मिठाचं भांडं शोधू लागली. फळीवर, चुलीमागं, कोनाड्यात. बावीस वर्षं ते भांडं एकाच जागी होतं.

४

त्यानंतरच्या सोमवारी ती चहा घेऊन आली. साखरेचा चहा. जमिनीवर कप ठेवून ती दाराच्या चौकटीपाशी मागं सरली आणि पदर सावरून म्हणाली, "भाऊ, चा घ्या."

अख्खं लोणावळं त्याला भाऊ म्हणत होतं. श्रीपतीला वाटलं, ही चेष्टा करतेय. तो मोठ्यानं हसला. ती हसली नाही. परक्या माणसासमोर बाई उभी राहते तशी खाली बघत उभी राहिली. तिच्या गळ्यावर, वाट्या टेकतात तिथं, हिरवट डाग पडला होता.

श्रीपतीचं हसू विरलं. असा डाग त्यानं हजार वेळा पाहिला होता. नट्यांच्या गळ्यावर, मनगटावर. पितळ घामाला लागलं की असा डाग पडतो. सोन्यानं पडत नाही.

"चिमे, जरा हिकडं ये."

त्यानं कसोटीचा दगड काढला, तिच्या गळ्यातली वाटी हलकेच धरून दगडावर घासली आणि रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ पुसून गेली. पितळ.

तासाभरात हौशीराम आला. पुन्हा तेच रडगाणं. श्रीपतीनं त्याच्या हातातून मंगळसूत्र जवळजवळ हिसकावून घेतलं आणि कसोटीवर घासलं. तेजाबात रेघ जशीच्या तशी राहिली. सोनं.

त्याला एकदम आनंदाचं भरतं आलं. "आरं, अदलाबदल झाली! माप घेताना दोन्ही एकाच गळ्यात व्हती की! जुनं तुला दिलं आनि नवं हिच्या गळ्यात ऱ्हायलं!" केवढी साधी गोष्ट! तो हसत सुटला, हौशीरामही हसला. चिमाबाई आतून म्हणाली, "मी तर गळ्यातलं काडलंच न्हाई."

श्रीपतीनं मंगळसूत्र उलटं केलं. मागची गाठ पाहिली. दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याची गाठ म्हणजे त्याची सही. ही दुहेरी फास टाकून मेणानं बसवलेली, त्याची स्वतःची गाठ होती. तो आत गेला आणि चिमाबाईच्या मानेवरचा पदर बाजूला करून पाहिलं. तिथं तळेगावच्या पटवेकऱ्याची बावीस वर्षांपूर्वीची गाठ होती. दोरा मात्र कालच बाजारातून आणल्यासारखा काळाभोर.

अदलाबदल झालीच नव्हती. दोन्ही आपापल्या जागी होती.

बाहेर येऊन त्यानं पुन्हा ते जुनं झालेलं मंगळसूत्र उजेडाकडं धरलं. वाटीच्या खालच्या कडेला दोन बारीक खळगे होते. शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. असे खळगे कशानं पडतात हे त्याला माहीत होतं. आया कडेवरचं पोर घेऊन दुरुस्तीला येत, तेव्हा त्यानं पाहिलं होतं. दात येताना पोरं आईच्या गळ्यातली वाटी चावतात.

"ह्या सिनेमात लेकरू हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. त्या बाईला मूलच नसतं, तेच तर दुःख दाखवलंय," हौशीराम म्हणाला. "द्या लवकर. गुरुवारी बाराला शेवटचा शॉट. त्यात तोडायचंच आहे, मग सुटलो आपण."

५

गुरुवारी सकाळी शेगडी पेटली नाही. चिमाबाई उंबऱ्याबाहेर बोचकं घेऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर सुरकुती दिसत नव्हती.

"कुटं निघालीस?"

"कान्ह्याला. आबा न्यायला येनार हायती."

कान्हे तिचं माहेर. पण आबा, म्हणजे तिचा बाप गेणू, जाऊन अकरा वर्षं झाली होती. श्रीपतीनंच खांदा दिला होता.

तो तिच्यासमोर खाली बसला. "चिमे, मी कोन?"

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण माया होती. तीच जुनी. "तुमी भाऊ. दागिनं करता. लय चांगलं ठेवलंत मला हितं. पन आता जायला पायजे."

ती रस्त्याकडं बघत होती, कुणीतरी लांबून येताना दिसत असावं तशी. हसतही होती. श्रीपतीनं वळून पाहिलं नाही. त्याला वळून बघायचं नव्हतं.

"आबांना म्हनावं, मी यीस्तवर थांबा," तो म्हणाला. चिमटा, दोरा आणि मेणाची गोळी खिशात टाकून तो पळत सुटला.

पळताना एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. पुरं झालेलं मंगळसूत्र कुणाचं तरी होतं. ते चिमाचं झालं होतं. त्यात बावीस वर्षांची हळद गेली होती, त्यांचा सगळा संसार गेला होता. आणि बारा वाजता ते तोडणार होते, नवरा मेलेल्या बाईचं तोडतात तसं. तुंगार्लीचा चढ सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला झेपणारा नव्हता. पण त्या दिवशी त्याला पंख फुटले होते.

बंगल्यात भर दुपारी दिवे लावले होते. मधोमध बाई बसली होती, सिनेमातली नायिका, गळ्यात ते मंगळसूत्र. साहेब कॅमेऱ्याशी वाकले होते.

"गाठ सैल झालीय," श्रीपती धापा टाकत हौशीरामला म्हणाला. "आत्ताच तुटंल. एक मिनिट दे."

बाईनंच मान पुढं केली. हलक्या आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात. भाऊ, हे घातलं ना, की कुणीतरी खाली ओढतंय असं वाटतं. लहान मूल ओढतं तसं."

मंगळसूत्र त्याच्या तळहातावर आलं. ते कोमट होतं. श्रीपतीनं खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. आता खळगे सहा होते. चार वर, दोन खाली. तीन दिवसांत पोर मोठं झालं होतं.

चिमटा हातात तसाच राहिला. हा मणी काढला तर चिमा घरी राहील. पण हे दात? हे कुणाचे होते? इतकी वर्षं खुंटीला टांगलेला खुळखुळा त्याच्या डोळ्यांपुढं आला. हे त्याच्या हातात होतं, कोमट होतं, आणि ते त्यालाच उणं करायचं होतं.

"भाऊ, आटपा!" साहेब ओरडले.

त्यानं गाठ सोडली. डाव्या अंगाचे मणी सरकवत वाटीपर्यंत आला. पहिला मणी काढून मुठीत घेतला. बाकीचे पुन्हा ओवून स्वतःची गाठ मारली, मेण लावलं. बाईच्या गळ्यात ते पडलं तशी ती दचकली. "अरेच्चा! हलकं झालं की."

मग दिवे वाढले. सासूचं काम करणाऱ्या बाईनं रडत हात घातला आणि हिसका दिला. मणी फरशीवर उडाले, टपटपत चारी दिशांना गेले. श्रीपतीनं छातीवर हात ठेवला. आत धडधडत होतं. जोरात, पण धडधडत होतं.

६

घराचं वळण आलं तेव्हा त्याला चालवेना. उंबऱ्याबाहेर बोचकं नव्हतं. चिमाबाईही नव्हती.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अवं, कुटं व्हता इतका येळ? चा निवून गेला."

अवं! श्रीपती दारातच मटकन खाली बसला. हसू आणि रडू एकदमच आलं. चिमाबाई बाहेर आली. सुरकुत्या होत्या, केसांतली पांढरी बट होती. गळ्यावरचा डाग गेला होता. दोरा तेलकट मऊ, वाट्यांच्या सांध्यात हळद. कप त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "गुळाचाच हाय. काय झालं हो? असं काय बगताय?"

"काय न्हाई. काय न्हाई, चिमे. तू बस हितं."

"हळू बोला की," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

तिनं नुसतं आतल्या खोलीकडं बघितलं आणि अशी हसली की श्रीपतीनं बावीस वर्षांत तिचं तसं हसू पाहिलं नव्हतं.

त्यानं मान वळवली. आतल्या खोलीत भिंतीलगत गोधडी अंथरलेली होती. मधे उंचवटा होता, मांजराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. कवडशाचं ऊन नेमकं गोधडीवर पडलं होतं. ते ऊन अगदी संथपणे वर होत होतं आणि खाली जात होतं.

त्यानं खुंटीकडं पाहिलं. रामाचा मुकुट होता, रावणाचा होता. खुळखुळा नव्हता.

तो उठला नाही. गोधडीकडं गेला नाही. चिमाबाईच्या गळ्यातली वाटी त्यानं बोटांत धरली. खालच्या कडेला सहा खळगे. मग त्याचे डोळे सवयीनं मणी मोजत गेले. उजव्या अंगाला एकशे दहा. डाव्या अंगाला एकशे नऊ. वाटीच्या लगत मण्याएवढा दोरा उघडा.

"व्हय, मगाशीच बगितलं मी," ती म्हणाली. "कुटं पडला कुनास ठाऊक. तेवढा एक मणी ओवून द्या की."

मणी त्याच्या मुठीतच होता. तिकडं तोडलं तेही पुरं नव्हतं आणि हिच्या गळ्यात होतं तेही पुरं नव्हतं. एक मणी उणा असला की ते कुणाचंच नसतं, असं रखमाजी म्हणायचा. मग हे घर कुणाचं? गोधडीखालचा तो श्वास कुणाचा? मणी ओवला तर हे कायमचं आपलं होईल, की गोधडी सपाट होईल? विचारायला रखमाजी उरला नव्हता. तो असता तरी म्हणाला असता, काम करायचंय का वाद घालायचाय.

श्रीपतीनं तपकिरीची डबी उघडली. मणी आत टाकला. बारा झाले. झाकण घट्ट लावून डबी खिशात ठेवली.

"उद्या ओवतो," तो म्हणाला.

आतल्या खोलीत, गोधडीखाली, खुळखुळा एकदा वाजला. मग पुन्हा वाजला, जरा जोरात. चिमाबाई लगबगीनं उठली.

त्यानंतर रोज सकाळी चहा ठेवताना ती विचारी, "अवं, तेवढा मणी?"

आणि श्रीपती आतल्या खोलीकडं न बघता म्हणे, "उद्या."